मारवोतोची तेलगाळणी

पंपावरच्या बाईने मारवोतोचा डिझेलचा रिकामा कॅन तिसऱ्यांदा हसतमुखाने परत केला आणि त्याच दिवशी त्याच्या डोक्यात हे तेलाचं खूळ शिरलं. कॅनमध्ये डिझेल हवं तर गावकचेरीचं पत्र लागतं. पत्रावर शिक्का लागतो, आणि शिक्का ज्याच्या टेबलाच्या खणात आहे तो माणूस दर वेळी म्हणतो, "हो हो, या ना पुढच्या आठवड्यात." करांगवुनी गावात तोंडावर 'नाही' कुणीच म्हणत नाही. नकारसुद्धा होकाराच्या कागदात गुंडाळून, वर चहा पाजून देतात. ज्याला कळतं तो गुपचूप घरी बसतो, ज्याला कळत नाही तो हेलपाटे घालतो. मारवोतोने अकरा हेलपाटे घातले होते.

धंदा त्याचा फिरत्या गिरणीचा. एका मोडीत काढलेल्या मिनीबसच्या सांगाड्यावर साळ सडायचं यंत्र आणि ते ओढायला एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. हे धूड गल्लीबोळांतून धडधडत जायचं, कुणी हात केला की दारात थांबायचं. बायका कोठीतली साळ पोत्यातून ओतायच्या आणि समोर उभ्या राहून आपल्याच शेताचा तांदूळ पांढरा होऊन बाहेर पडताना बघायच्या. मजुरी म्हणून मारवोतो मापटंभर तांदूळ घ्यायचा, आणि कोंडा. वीस वर्षं हे बरं चाललं होतं. आता शेजारच्या वाडीतल्या जुमालीने नवं कोरं यंत्र आणलं होतं. त्याचा मेहुणा कचेरीत, त्यामुळे त्याला पत्राची ददात नव्हती. मारवोतोचं इंजिन आठवड्यातून तीन दिवस डिझेलवाचून उभं राहायला लागलं. दारात हात करूनही गिरणी आली नाही, तर माणूस किती दिवस वाट बघणार?

तर मारवोतोने ठरवलं, की गावात सत्तर मोटारसायकली आहेत, त्यांचं जळकं ऑइल गॅरेजवाले ओढ्याकाठी ओततात, ते आपण गाळायचं आणि डिझेलमध्ये मिसळायचं. जुनी डिझेल इंजिनं पोटाने दणकट असतात. तेल स्वच्छ असेल तर निमूट पचवतात.

"आणि स्वच्छ नसेल तर?" तुमिराने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"म्हणून तर गाळायचं."

"चाळीस वर्षांत तुम्ही चहा कधी गाळून घेतला नाहीत, कांग. गाळ तसाच पिता." कांग म्हणजे दादा; करांगवुनीत बायकोही नवऱ्याला तशीच हाक मारते.

पण गडी जिद्दीचा. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, त्याने तीन पिंपं एकाखाली एक अशी पायऱ्यांवर मांडली. पहिलं पिंप काळं रंगवून उन्हात, म्हणजे तेल तापून पातळ होईल आणि त्यातलं पाणी व चिखल तळाला बसेल. तिथे ते पंधरा दिवस हलवायचं नाही, हा नियम. तोटी तळापासून वीतभर वर, म्हणजे बसलेला गाळ खालीच राहील. तळाला वेगळी तोटी, पाणी सोडून द्यायला. तिथून तेल दुसऱ्या पिंपात, जीन्सच्या पँटींच्या पायांतून. पँटीचा पाय खालून शिवून टाकला की झकास पिशवी होते, आणि तुमिराच्या भाच्यांच्या चार पँटी त्यात कामी आल्या. मग जाड नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, दोन थर. सगळ्यात शेवटी त्याचा खरा अभिमान, धुलाई यंत्राच्या मोटारीवर गरगर फिरणारं ॲल्युमिनियमचं भांडं. त्यात तेल बारीक धारेने सोडायचं, भांडं फिरलं की उरलीसुरली काजळी कडेला चिकटून बसते आणि तेल मधून वर येऊन बाहेर पडतं. हे भांडं नीट तोलून फिरायला त्याला दोन महिने लागले. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा ते सुटलं आणि कोबीच्या वाफ्यातून थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊन बसलं. शेजाऱ्याने ते पुसून आणून दिलं आणि म्हणाला, "छान फिरतंय हो."

परीक्षा दोन. तापल्या तव्यावर थेंब टाकायचा, तडतडला तर अजून पाणी आहे. वर्तमानपत्रावर थेंब टाकायचा, मधोमध काळा ठिपका राहिला तर अजून काजळी आहे. मारवोतोचे ठिपके महिन्यागणिक फिके होत गेले. शेवटी तेल बाटलीत भरून उन्हाला धरलं, तर काकवीसारखं तांबूस दिसायला लागलं. माणसाला नातू झाला तरी इतका आनंद होत नाही. तो ती बाटली शर्टाच्या खिशात घालून हिंडायचा आणि साळ सडून होईपर्यंत दारोदार दाखवायचा.

"वा, काय पारदर्शक," लोक म्हणायचे. "हुशार माणूस आहात, कांग."

गावानेही हातभार लावला, आणि तिथेच पंचाईत. लोक आपणहून तेल आणून द्यायला लागले. कुणी तळणीचं जळकं तेल आणलं, कुणी ब्रेकचं, कुणी रंगातलं टर्पेंटाइन. एका मास्तरांनी अर्धी बादली नुसतं पाणी आणलं, त्यावर तेलाचा एक तवंग होता. दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? मारवोतोने कोपऱ्यात एक चौथं पिंप ठेवलं. ते पाहुण्यांचं पिंप. सगळ्यांसमोर त्यात आनंदाने ओतायचं, आभार मानायचे आणि त्याला कधी हात लावायचा नाही.

चार भाग डिझेल आणि एक भाग गाळलेलं तेल. इंजिन पहिल्याच हिसक्याला चालू झालं, त्याने थोडा निळसर धूर सोडला आणि जुन्या लयीत धडधडायला लागलं. पुढे धीर चेपला, तसं मारवोतोने प्रमाण तीनास एक केलं. गिरणी आता आठवड्याचे सहा दिवस फिरत होती.

आणि गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली.

हे त्याला कळायला वेळ लागला, कारण कुणी काही बोललंच नाही. "अजून कोठीत तांदूळ आहे, कांग." "या खेपेला साळ ओलीच आहे बघा." "पुढच्या आठवड्यात नक्की." सगळे हसून बोलायचे, काही जण वर केळी द्यायचे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात जुमालीच्या यंत्राच्या चाकांच्या खुणा दिसायच्या. मारवोतोने मनाशी हिशेब लावला तो असा, की लोकांना नव्या यंत्राची भूल पडली आहे, आपलं तेल आणखी स्वच्छ केलं पाहिजे. त्याने नमद्याचा तिसरा थर घातला.

तुमिरा मात्र बोलत होती. पण ती पहिल्या दिवसापासूनच बोलत होती. पिंपं आल्यापासून तिच्या मते चहाला वास, उशीला वास, वाळत घातलेल्या कपड्यांना वास.

"भाताला वास येतो," ती एकदा म्हणाली.

"काल म्हणालीस मांजराला येतो."

"मांजरालाही येतो."

आता ज्या बाईला मांजराचाही वास येतो, तिचं भाताबाबतीत काय ऐकायचं? मारवोतोचं स्वतःचं नाक चाळीस वर्षांच्या लवंगी सिगरेटींनी आणि आता या तेलाने कामातून गेलं होतं. त्याला उग्र वासाचं दुरियान फळ मांडीवर ठेवलं तरी पत्ता लागला नसता.

शेवटी एकच गिऱ्हाईक हटकून हात करायचं, ते म्हणजे ओढ्याकाठची कासिनेमआजी, साऱ्या गावाची म्बाह कासिनेम. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठीत वाकलेली, पण नजर आणि जीभ शाबूत. तिचा नवरा दार्मो जाऊन हजार दिवस होत आले होते. हजाराव्या दिवसाचं जेवण हे शेवटचं. त्यानंतर मेलेल्या माणसासाठी गाव पुन्हा जमत नाही, त्याचा आत्मा वाटेला लागला असं मानतात. म्हणून ते जेवण नीट व्हावं लागतं. तिने आपल्या शेतातली सगळ्यात चांगली, सुवासिक साळ या दिवसासाठी राखून ठेवली होती. ती तीन पोती साळ मारवोतोने तिच्या दारात सडून दिली आणि त्या दिवशी मजुरीचं मापटं घेतलं नाही.

"दार्मोदादांचं काम आहे, म्बाह. एक दाणा तुटू दिला नाही."

म्हातारीने मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, नाकाशी नेला. मग म्हणाली, "छान पांढरा झालाय."

जेवणाच्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर गावातले चाळीस पुरुष तिच्या ओसरीवर चटयांवर बसले. मौलवींनी दुआ म्हटली. मधोमध भाताचा शंकू, भोवती अख्खी कोंबडी, नारळाचा चिवडा, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे. आमेन झाल्यावर प्रत्येकाला बांबूच्या डबीत घरी न्यायचा वाटा मिळाला. हा वाटा म्हणजे नुसतं अन्न नसतं. त्यावर दुआ झालेली असते, घरातल्या प्रत्येकाने त्यातला घास घ्यायचा असतो. उरलेली शितंसुद्धा बायका वाळवून तळतात, टाकत नाहीत.

तुमिराने डबी उघडली आणि मारवोतोकडे बघितलं.

"काय?"

"काही नाही. तुम्ही म्हणाल, मांजराला येतो."

मारवोतोने पोटभर खाल्लं. त्याला भात उत्तम लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी काढून तो निघाला. पहिल्या घरी अंगणात कोंबड्या काहीतरी पांढरं टिपत होत्या. तो पुढे गेला. दुसऱ्या अंगणातही कोंबड्या, आणि तिथे डबीचं केळीचं पानही पडलेलं. तिसऱ्या घरी ती बाई भात टाकत असतानाच त्याची नजर गेली. तिनेही बघितलं आणि डबी पदराआड धरून हसली. "सकाळी सकाळी निघालात, कांग?" मास्तरांच्या अंगणात बदकं होती, ती खात होती. गल्लीच्या टोकापर्यंत मारवोतोने घरं मोजली. सव्वीस घरं, आणि त्यातल्या एकोणीस अंगणांत दार्मोच्या हजाराव्या दिवसाचा, दुआ केलेला भात कोंबड्यांपुढे होता.

एवढं झाल्यावर दगडालाही कळलं असतं. मारवोतोने इंजिन बंद केलं. तो गाडीच्या चाकाला टेकून बसला आणि लाजेने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गिऱ्हाइकं गेली याचं त्याला त्या घडीला काहीच वाटलं नाही. चाळीस माणसं भात उष्टावून गोड हसली आणि दार्मोचा शेवटचा वाटा कोंबड्यांनी खाल्ला, हे मात्र त्याला सोसवेना.

तो तडक ओढ्याकाठी गेला. म्बाह कासिनेम पायरीवर बसून चटया झटकत होती.

"ये, बस. चहा टाकते."

"चहा नको. म्बाह, तांदळाला वास होता?"

चहाआधी असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. म्हातारीचा झटकता हात थांबला.

"पांढरा होता छान."

"वास होता का?"

 तिने चटई खाली ठेवली. "होता. जळक्या इंजिनाचा. शिजवल्यावर आणखी उठला. पांदानची सुवासिक पानं घातली, लिंबाची घातली, नाही गेला."

"मग सांगितलं का नाही?" मारवोतोचा आवाज चढला, आणि त्या अंगणात त्याआधी कधी कुणाचा चढला नव्हता. "एक वाक्य बोलायचं होतं. मी जुमालीच्या पाया पडून तांदूळ आणला असता. तुम्ही दार्मोदादांचं शेवटचं जेवण घालवलंत, पण माझ्या तोंडावर बोलला नाहीत!"

"तू बाटली काढून दाखवत होतास," म्हातारी म्हणाली. "शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा. कसं बोलणार होते मी?"

"दादांच्या पुढेही तोच भात ठेवलात?"

यावर तिने मान खाली घातली. "नाही. त्याच्यापुरता मूठभर जुमालीकडचा आणून वेगळा शिजवला. त्याचं नाक फार तिखट होतं. त्याला चाललं नसतं."

मारवोतोला हसावं की रडावं कळेना. आख्ख्या गावात खरी वागणूक मिळालेला एकटा दार्मो, आणि तोही मेलेला. तो पायरीवर बसला. म्हातारीने आता न विचारता चहा आणला, आणि त्याने तो गाळासकट प्यायला.

"म्बाह," तो म्हणाला, "मी यंत्र दुरुस्त करतो. पण मला वास येत नाही आणि गाव मला सांगणार नाही. बायकोला सगळ्याचाच वास येतो. मी तुमच्याकडे भात आणीन. तुम्ही फक्त येतो की नाही ते सांगायचं. तोंडावर. सवय नसली तरी."

"या वयात मला वाईट शिकवतोस," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही, आणि या खेपेला तिच्या 'नाही' न म्हणण्याचा अर्थ खरोखर हो असा होता.

घरी येऊन त्याने गिरणी उघडली आणि दहा मिनिटांत कपाळावर हात मारला. तेल स्वच्छ होतं. वर्षभर तो तेलच गाळत बसला होता. पण इंजिनाची धुराची नळी गंजून खाली फुटली होती, आणि सालपटं उडवणाऱ्या पंख्याचं तोंड तिच्यापासून हातभरावर होतं. नुसत्या डिझेलचा धूर उडून जायचा, कुणाला जाणवत नव्हता. तेल मिसळलेला धूर जड, चिकट. पंखा तो ओढायचा आणि तांदळावर फुंकायचा. त्याने नवी नळी टपाच्या वर नेली, पंख्याचं तोंड दुसऱ्या अंगाला फिरवलं आणि तेलाचं प्रमाण पुन्हा चारास एक केलं. शेरभर साळ सडली आणि तुमिराकडून भात शिजवून घेऊन ओढ्याकाठी गेला.

म्हातारीने घास घेतला. बराच वेळ चावला. तिच्या चेहऱ्यावर अशी काही कष्टी कळा आली, की जणू तिलाच कुणी रागावतंय.

"येतो," ती एकदाची म्हणाली, आणि घाईने पुढे, "पण दाणा मोकळा आहे."

"दाण्याचं सोडा. कसा येतो?"

"धुराचा."

त्याने पंख्याची पेटी उघडून आतली काजळी साबणाच्या पाण्याने खरवडली. तांदूळ बाहेर सोडणारी जुनी लाकडी घसरण वास पिऊन बसली होती, ती काढून पत्र्याची बसवली. चार दिवसांनी पुन्हा गेला.

"येतो. कमी झालाय, पण येतो." या वेळी तिने दाण्याची स्तुती केली नाही. तिने डोळे मिटून आणखी एक घास घेतला. "आणि हा धुराचा नव्हे. बंद खोलीत तेल ठेवल्याचा येतो. तू साळ ठेवतोस कुठे?"

परीक्षेच्या भातासाठी आणलेली साळीची पोती तो पिंपांच्या शेजारी, छपराखाली ठेवत होता. ती त्याने घरात, पलंगाखाली हलवली. तुमिरा म्हणाली, अखेर या घरात तांदळाला माणसांत जागा मिळाली.

पोती नवी आणली. गिरणीचे रबराचे रूळ बदलले. सातव्या खेपेला त्याने भात नेला तो म्बाह कासिनेमच्याच साळीचा होता, तिच्या कोठीत तळाला उरलेल्या त्याच सुवासिक साळीचा, तिच्या दारात सडलेला आणि तिच्याच चुलीवर शिजवलेला. म्हातारीने झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"नाही येत," ती म्हणाली.

 सहा वेळा 'येतो' ऐकताना त्याला काही वाटलं नव्हतं. सहाही वेळा ते खरं होतं. पण असे गोड शब्द तर तो जन्मभर ऐकत आला होता.

"म्बाह, खरं सांगताय, की माझ्यासाठी?"

 म्हातारी गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि परसातून केळीचं एक कोवळं पान तोडून आणलं. पान पुसलं. पातेल्यातला भात मधोमधून, जिथे तो सगळ्यात मऊ असतो तिथून, पानावर वाढला. पेलाभर कडू कॉफी ओतली. मग ते दोन्ही उचलून आतल्या खोलीत गेली, जिथे फडताळावर दार्मोचा टोपी घातलेला फोटो होता, आणि पान त्याच्यापुढे ठेवून तिथेच जमिनीवर बसली.

मारवोतो उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने तेलकट बाहीला पुसलं. पुन्हा काही विचारलं नाही.